क्लॅन: वंशाचं कूळ की जमिनीचं कूळ?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आपल्या गोल्फच्या मैदानांवर फेरी मारायला स्कॉटलंडला गेले. ट्रम्प यांचं आजोळ तिथलंच. आई मेरी ॲन मॅक्लाउड १९१२ साली लुइस बेटावरच्या टाँग या खेड्यात जन्मली. दहा भावंडांतलं शेंडेफळ, घरची बोली गेलिक. १९३० मध्ये, अठराव्या वर्षी, ती बोटीत बसून न्यूयॉर्कला गेली. म्हणजे स्कॉटलंडच्या नामांकित मॅक्लाउड क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, एक भाचा जगातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीवर बसलेला. आपल्याकडे गावाने कमानी उभारल्या असत्या. तिकडे एडिंबरा आणि ॲबर्डीनच्या रस्त्यांवर लोक निषेधाचे फलक घेऊन उभे होते.

हा राग राजकारणाचा होता, हे उघड आहे. पण राजकारण बाजूला ठेवलं तरी एक कोडं उरतंच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथले लाखो लोक ‘आम्ही अमुक क्लॅनचे’ असं अभिमानाने सांगतात, किल्ट हा गुडघ्यापर्यंतचा पुरुषी घागरा नेसून मेळावे भरवतात, विमानभाडं खर्चून पूर्वजांचं पडकं घर शोधायला येतात. आणि ग्लासगोच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला ‘तुझा क्लॅन कोणता?’ असं विचारलं, तर तो बहुधा हसतो आणि आपल्या फुटबॉल क्लबचं नाव सांगतो. एकाच वारशाबद्दल इतकी वेगळी भावना का?

हे समजावून घ्यायला मराठी माणसाच्या हाताशी एक फार सोयीचा शब्द आहे: कूळ. कुलदैवत, कुळाचार, थोरामोठ्यांचं कूळ, हा त्याचा एक अर्थ. आणि कूळकायद्यातलं, सातबारावरचं, दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ, हा दुसरा. स्कॉटलंडच्या क्लॅनमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदत होते. देश सोडून गेलेल्यांच्या नातवंडांना पहिला अर्थ आठवतो. मागे राहिलेल्यांना दुसरा विसरता येत नाही.

क्लॅन म्हणजे नेमकं काय?

गेलिक भाषेत ‘क्लॅन’ म्हणजे मुलंबाळं. एका मूळपुरुषाची आपण सगळी लेकरं, ही त्यामागची कल्पना. नावापुढचं ‘मॅक’ म्हणजे ‘चा मुलगा’. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिमेकडचा डोंगराळ भाग आणि बेटं, ज्याला हायलँड्स म्हणतात, तिथे सतराव्या शतकापर्यंत राजाचा हुकूम कसाबसाच पोचत असे. तिथे जमीन, न्याय, संरक्षण आणि लढाई हे सगळं क्लॅनच्या प्रमुखाभोवती फिरायचं.

प्रमुख जमीन वाटायचा. ती थेट शेतकऱ्याच्या हाती येत नसे. मध्ये ‘टॅक्समन’ नावाचा माणूस असे, बहुतेकदा प्रमुखाचाच भाऊबंद. तो मोठा पट्टा घ्यायचा, तुकडे करून खाली कसायला द्यायचा, आणि युद्धाची हाक आली की माणसं गोळा करून आणायचा. कोकणातला खोत आणि घाटावरचा देशमुख एकत्र केले तर साधारण असा माणूस उभा राहील. शेतकरी धान्य, गुरं, श्रम आणि वेळ पडली तर प्राण द्यायचा. बदल्यात त्याची समजूत अशी की या जमिनीवर राहण्याचा आपला पिढीजात हक्क आहे. गेलिकमध्ये या हक्काला ‘दूखस’ म्हणतात. तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. पुढे सगळा घोटाळा झाला तो इथेच.

आडनाव एक म्हणजे रक्त एक?

नाही. जाधव आडनावाचे सगळे सिंदखेडच्या जाधवरावांचे वंशज नसतात, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तिकडेही तेच. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली माणसं त्याचंच नाव लावू लागली. फ्रेझर क्लॅनबद्दल तर अशी आठवण सांगतात की आपलं नाव लावणाऱ्याला प्रमुख ओटच्या पिठाचं माप द्यायचा. अशा घराण्यांना पुढे ‘पिठाचे फ्रेझर’ म्हणून चिडवत.

उलटही घडलं. १६०३ मध्ये राजाने मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावरच बंदी घातली. मधली काही वर्षं सोडता ती १७७४ पर्यंत टिकली. नाव टाकलं नाही तर जीव जायचा, म्हणून माणसांनी रातोरात ‘मरे’, ‘ग्रँट’, ‘कॅम्पबेल’ अशी दुसरी आडनावं घेतली. त्यामुळे आज ओहायोतला एखादा माणूस आडनावावरून ‘माझे पूर्वज अमक्या किल्ल्यात राहायचे’ असं म्हणतो, तेव्हा शक्यता मोठी ही असते की ते किल्ल्याला खंड भरायचे.

प्रमुखाचा जमीनदार कसा झाला?

१६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हरनेसजवळ कलोडनच्या माळावर तासाभरात एक लढाई संपली. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी उठलेल्या फौजेचा तिथे धुव्वा उडाला. ‘इंग्रजांनी स्कॉटिशांना हरवलं’ अशी ही गोष्ट परदेशी मेळाव्यांत सांगतात. पण सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्पबेल मंडळी त्यात ठळकपणे होती. आपल्याकडच्या कुठल्याही लढाईत दोन्ही बाजूंना मराठे सापडतात, तसंच.

लढाईनंतर सरकारने प्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले आणि हायलँडच्या पुरुषांना किल्ट आणि टार्टन हे चौकड्यांचं कापड घालायला बंदी केली. शाळेतल्या गोष्टीत इथे खलनायक लंडन असतं. खरी जखम मात्र नंतरची आहे आणि ती घरच्याच हाताने झाली.

प्रमुखांना आता लढायला माणसं नको होती. ते एडिंबरा-लंडनमध्ये राहू लागले, खर्च वाढले, रोख पैसा हवा झाला. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त भाडं देतात, हा हिशोब कळायला वेळ लागला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची साधारण शंभर वर्षं दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या केल्या गेल्या. याला ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. आपण उठावणी म्हणू. सदरलँडमध्ये हे सर्वांत निर्दयपणे झालं. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरं पेटवली गेली; ज्याच्या देखरेखीत हे घडलं त्या पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. तिथला जमीनदार असलेल्या सदरलँडच्या ड्यूकचा प्रचंड पुतळा आजही गोल्स्पी गावावरच्या टेकडीवर उभा आहे. तो पाडावा की तसाच ठेवून त्याखाली खरा इतिहास लिहावा, यावर अजून वाद होतात.

या सगळ्यात एक पात्र मला विसरता येत नाही. ग्लेनगॅरीचा प्रमुख ॲलिस्टर मॅकडोनेल. अंगावर नखशिखांत हायलँडचा पोशाख, मागे शस्त्रधारी सेवकांचा लवाजमा, १८१५ मध्ये त्याने ‘अस्सल हायलँडर’ मंडळींची एक संस्थाही काढली. एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनात त्याचं रेबर्नने काढलेलं ऐटबाज चित्र आहे. आणि याच घराण्याच्या जमिनीवरची माणसं एवढ्या संख्येने उठून कॅनडात गेली की ओंटारिओत ग्लेनगॅरी नावाचा अख्खा परगणा वसला. पोशाख जपला, माणसं गेली.

मग टार्टनचं काय?

टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड. ते खरंच जुनं आहे. पण ‘प्रत्येक क्लॅनचं ठरलेलं टार्टन’ ही कल्पना बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने स्वागताचा सारा थाट मांडला आणि सगळ्यांना टार्टनमध्ये यायला सांगितलं. खुद्द राजाने गुलाबी तंग विजारीवर किल्ट चढवला. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या विणकामाच्या कारखान्याला मागणी पुरवताना नाकी नऊ आले; पूर्वी क्रमांकाने किंवा गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नमुन्यांना क्लॅनची नावं चिकटू लागली. पुढे १८४२ मध्ये, आपण स्टुअर्ट राजवंशाचे असल्याचा दावा करणाऱ्या दोन भावांनी ‘प्राचीन हस्तलिखितावरून’ म्हणून टार्टनचा ग्रंथच छापला. हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातले नमुने आजही दुकानांत विकले जातात.

म्हणजे एडिंबरात हायलँडच्या वेशाचा सोहळा चालला होता, तेव्हा सदरलँडच्या दऱ्या नुकत्याच ओस पडल्या होत्या.

कोणतं टार्टन कोणी घालावं, याचा आज काही कायदा नाही. २००९ पासून सरकारी नोंदवही आहे. शुल्क भरून नवा नमुना नोंदवता येतो. फुटबॉल क्लबांची, कंपन्यांची टार्टन आहेत. सिंग नावाचंही एक टार्टन आहे. लग्नाला स्कॉटिश मुलगा किल्ट घालतो तो बहुधा भाड्याने आणलेला असतो, आणि रंग नवरीच्या फुलांना शोभेल असा निवडलेला असतो.

गेलेल्यांनी काय नेलं?

उठावणीत किंवा दारिद्र्यापायी देश सोडलेल्याच्या हातात जमीन उरली नव्हती, भाषा दोन पिढ्यांत गेली. उरलं आडनाव. आडनावावरून क्लॅन, क्लॅनवरून टार्टन, टार्टनवरून किल्ला, अशी साखळी तयार झाली. गमतीचा भाग असा की ज्या प्रमुखांनी बाहेर काढलं त्यांच्याच वंशजांपुढे बाहेर पडलेल्यांची नातवंडं आदराने झुकू लागली.

परदेशात नवे विधीही जन्मले. अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये टार्टनच्या तुकड्यांना आशीर्वाद देण्याचा सोहळा होतो. बंदीच्या काळात लोक कपड्यांत टार्टन लपवून आशीर्वाद घ्यायचे, अशी त्याची कथा सांगतात. मुळात हा विधी पीटर मार्शल या स्कॉटलंडहून आलेल्या धर्मगुरूने १९४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू केला. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून दरवर्षी मेळावा भरतो. मशाली घेऊन एकेका क्लॅनचा पुकारा होतो. स्कॉटलंडमधल्या छोट्या गावच्या खेळांत ओंडके फेकणारे, धावणारे आणि बक्षिसाची रक्कम यांना महत्त्व. तिथे जत्रेचं वातावरण असतं, तीर्थयात्रेचं नाही.

आजचा स्कॉटिश माणूस काय म्हणतो?

एक मोठी गोष्ट बाहेरून दिसत नाही. सुमारे ५५ लाखांच्या या देशातले बहुसंख्य लोक ग्लासगो आणि एडिंबरामधल्या सखल पट्ट्यात राहतात. यांच्यातल्या बहुतेकांच्या पूर्वजांना क्लॅन नव्हतेच. डोंगरातले गेलिक बोलणारे लोक त्यांच्या लेखी गुरंचोर होते. ग्लासगोतल्या असंख्य घरांची मुळं आयर्लंडमध्ये आहेत, काहींची इटलीत, पोलंडमध्ये, पंजाबात. अशा माणसाला ‘तुझा क्लॅन?’ हा प्रश्न म्हणजे नागपूरकराला ‘तुमची होडी कुठे लावता?’ असं विचारण्यासारखा.

मग स्कॉटिश कोण? याचं सर्वांत रोखठोक उत्तर सप्टेंबर २०१४ मध्ये, स्वातंत्र्याच्या सार्वमतात मिळालं. मतदानाचा हक्क राहण्यावर ठरवला होता, रक्तावर नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेले रहिवासी, त्यात युरोपीय संघाचे आणि राष्ट्रकुल देशांचेही नागरिक, मत देऊ शकत होते. म्हणजे रीतसर व्हिसावर ग्लासगोत राहणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्याला मत होतं. स्वातंत्र्याचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या, पण बहामात राहणाऱ्या शॉन कॉनरीला नव्हतं. २०१६ मध्ये हमजा युसुफ यांनी किल्ट घालून उर्दूत आमदारकीची शपथ घेतली, आणि २०२३ मध्ये ते देशाचे प्रथममंत्री झाले.

त्यामुळे परदेशी ‘भाऊबंदांकडे’ पाहताना तीन भावना मिसळलेल्या दिसतात. पहिली, आपुलकी आणि व्यवहार: पाहुणे येतात, हॉटेलं भरतात. दुसरी, थट्टा: ‘माझी खापरपणजी मॅकडोनाल्ड होती’ हे वाक्य तिथे विनोदाचा विषय आहे. तिसरी अस्वस्थता, आणि ती सर्वांत खोल. २००९ मध्ये एडिंबराच्या हॉलिरूड पार्कात जगभरच्या क्लॅनचा भव्य मेळावा झाला. हजारो लोक आले, मिरवणूक निघाली. नंतर आयोजक कंपनी बुडाली आणि स्थानिक पुरवठादारांची बिलं थकली. ‘टार्टनच्या नावाने सरकारी पैसा उधळला’ ही चर्चा मग पुष्कळ दिवस चालली.

‘पण क्लॅनचे प्रमुख तर अजून आहेत ना?’

आहेत. त्यांना मान्यता देण्याचं काम एडिंबरातलं लॉर्ड लायनचं न्यायालय करतं. कुलचिन्हांचे, बिरुदांचे वाद सोडवणारं हे खरंखुरं न्यायालय आहे. ब्युकॅनन क्लॅनचा शेवटचा प्रमुख १६८१ मध्ये वारला होता. २०१८ मध्ये लायनने वारस मान्य केला तेव्हा ३३७ वर्षांची रिकामी गादी भरली. मेंझीस (जुना उच्चार मिंगिस) क्लॅनचा प्रमुख तर ऑस्ट्रेलियात राहतो. पण या पदाला आता सत्ता नाही. प्रमुख कुणाला जमिनीवर बसवू शकत नाही, कुणाला उठवूही शकत नाही. जमीन असेल तर तो फक्त इतरांसारखा जमीनमालक.

आणि तिथेच दोन अर्थांची टक्कर होते. स्काय बेटावर डनव्हेगनचा किल्ला मॅक्लाउड प्रमुखांचा. डेम फ्लोरा मॅक्लाउड या अठ्ठाविसाव्या प्रमुख विसाव्या शतकाच्या मध्यावर म्हातारपणी जगभर हिंडल्या, देशोदेशी मॅक्लाउड मंडळं उभी केली. वंशजांना त्या घरच्या आजीसारख्या वाटत. त्यांचे नातू जॉन मॅक्लाउड यांनी २००० साली किल्ल्याचं गळकं छप्पर दुरुस्त करायला ब्लॅक कुलिन हे डोंगरच विकायला काढले. किंमत एक कोटी पौंड. परदेशी मॅक्लाउडला यात वारसा वाचवण्याची धडपड दिसू शकते. स्कायवरच्या लोकांनी मात्र विचारलं की डोंगर मुळात तुमचा कसा? मालकीच्या कागदांची छाननी झाली. शेवटी विक्री मागे घेण्यात आली.

स्कॉटलंडमध्ये जमिनीचा प्रश्न अजून जिवंत आहे हे लक्षात घेतलं की हा सूर कळतो. १८८६ च्या कायद्याने छोट्या कुळांना जमिनीवरून न हटवण्याची हमी आणि रास्त खंड मिळाला. आपला कूळकायदा १९४८ चा. तरीही आज खासगी ग्रामीण जमिनीचा निम्मा भाग पाचशेहून कमी मालकांकडे आहे. म्हणूनच १९९७ मध्ये एग बेटाच्या रहिवाशांनी अख्खं बेट विकत घेतलं, तेव्हा ते तिथे एखाद्या स्वातंत्र्यदिनासारखं साजरं झालं.

‘मग परदेशी वंशजांचं प्रेम खोटंच म्हणायचं?’

मला तसं वाटत नाही. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाचं उदाहरण घ्या. तिथे हायलँडचे विस्थापित गावंच्या गावं मिळून गेले, म्हणून भाषा आणि फिडलवादन टिकलं. त्यांनी पायांच्या ठेक्याचा एक नाचही जपला होता, जो स्कॉटलंडमध्ये जवळपास विझला होता. १९९६ पासून स्कॉटलंडच्या साउथ यूस्ट बेटावर उन्हाळी शिबिर भरतं. तिथे केप ब्रेटनचे शिक्षक येऊन हा नाच मूळ गावाला परत शिकवू लागले. इथे कुणी किल्ला मागत नव्हतं. काय जपलं आहे, हा मुद्दा होता.

आणि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जमैकात कॅम्पबेल हे अत्यंत रुळलेलं आडनाव आहे. स्कॉटिश मळेवाल्यांची आणि कारभाऱ्यांची नावं गुलामांना चिकटली, काहींना त्यांचं रक्तही. जमैकात जन्मलेले आणि स्कॉटलंडचे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक झालेले सर जेफ पामर आयुष्यभर लोकांना तिथल्या टेलिफोनच्या वहीतली स्कॉटिश आडनावं दाखवत राहिले. क्लॅन म्हणजे मुलंबाळं, तर ही कुणाची मुलं? क्लॅनच्या जागतिक मेळाव्यांच्या छायाचित्रांत हे कॅम्पबेल क्वचितच दिसतात. अमेरिकेतले काही गोरे वर्चस्ववादी केल्टिक क्रूस आपलं चिन्ह म्हणून मिरवतात, तेव्हा स्कॉटलंडमधला माणूस रक्ताच्या गप्पांना का बिचकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथली जुनी म्हण आहे: आपण सगळी जॉक टॅमसनचीच लेकरं. जॉक टॅमसन म्हणजे कुणीही, आपला सोम्यागोम्या.

बॅराचा अमेरिकन प्रमुख

दोन्ही अर्थांची गाठ एकदा तरी पडलेली आहे. बॅरा हे पश्चिमेकडचं छोटं बेट मॅकनील क्लॅनचं. एकोणिसाव्या शतकात प्रमुख कर्जात बुडाला, बेट गॉर्डन नावाच्या धनाढ्याने घेतलं, आणि १८५१ मध्ये त्याने शेकडो माणसांना कॅनडाच्या बोटींवर चढवलं. १९३७ मध्ये रॉबर्ट लिस्टर मॅकनील या अमेरिकन वास्तुविशारदाने, जो वंशाने क्लॅनचा प्रमुख होता, बेटाचा बराचसा भाग आणि समुद्रात उभा असलेला पडका किसिमुल किल्ला विकत घेतला, आणि किल्ला वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केला. इथवर गोष्ट नेहमीची आहे: परदेशी वंशज, किल्ला, गादी.

त्याचा मुलगा इयन मॅकनील अमेरिकेत कायद्याचा प्राध्यापक होता. करार या विषयातलं त्याचं काम त्या क्षेत्रात आजही अभ्यासलं जातं. २००४ मध्ये त्याने बॅरावरची कुळांची सारी जमीन मोबदला न घेता स्कॉटिश सरकारच्या स्वाधीन केली, बेटवाल्यांना पुढे कधी ती स्वतःकडे घ्यायची इच्छा झाली तर घेता यावी म्हणून. किल्ला त्याआधीच, २००० साली, त्याने सरकारी पुरातत्त्व खात्याला हजार वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिला होता. करारशास्त्राच्या प्राध्यापकाने ठरवलेला वार्षिक खंड असा: एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली.